आटगावच्या चर्चमधली गाठ

सर्व लहानथोर मंडळींना, विशेषतः ज्यांनी नुकतंच जेवण उरकलं आहे त्यांना, अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की आटगाव स्टेशनामागच्या चर्चमध्ये गाठ परत आली आहे. मांडीवर, जिथं होती तिथंच. रंग तोच, तकाकीही तीच. गाव सोडून माळावर झोपड्या बांधायचं कारण नाही. ही गाठ कापडावर रंगवलेली आहे, आणि ती रंगवणारा शहापूरचा दामू पेंटर गेल्या महिन्यात वारला.

दवंडी सगळ्यांच्या नावानं पिटली तरी ती तुझ्यासाठी आहे, दामू. तू गेलास आणि गाठ परत आली, हे तुला कळायलाच हवं. ती कशी परत आली तेही सांगतो. त्याआधी भर चर्चमध्ये, सगळे गुडघे टेकून बसलेले असताना, एक वाक्य मोठ्यानं बोललं गेलं. ते मात्र मी अगदी शेवटी सांगणार. बस चडफडत तिकडे. आपल्या नाटक मंडळात पडदे तू रंगवायचास, पाडायचो मी.

मेलेल्या माणसाबद्दल लोक गोड लिहितात. मला ते जमायचं नाही, कारण तुझी आठवण आली की चेहऱ्याच्या आधी मला वास येतो. सरसाचा. जनावराची कातडी आणि हाडं उकळून केलेला तो चिकट पदार्थ तू पडद्याच्या रंगात घालायचास, आणि ज्या पातेल्यात तो शिजवायचास त्याच पातेल्यात चहा. एकदा मी म्हटलं, "दाम्या, ह्या चहाला चामड्याचा वास येतोय."

"मग पोटात घट्ट धरून राहील. पी."

मी प्यालो. दोन दिवस माझे ओठ एकमेकांना सोडेनात. कुंचल्याचं टोक तू दातात धरून नीट करायचास, त्यामुळे तुझी जीभ कधी हिरवी, कधी निळी, आणि हसलास की समोरचा तोंड फिरवायचा. तू ते मुद्दाम करायचास. मी राणीच्या वेषात विंगेत उभा असलो की जीभ काढून दाखवायचास. मुरबाडच्या प्रयोगात पतीच्या निधनाची वार्ता ऐकून मी जो हुंदका दिला आणि ज्याला टाळ्या पडल्या, तो हुंदका नव्हता, दामू. ती ओकारी होती.

मंडळानं तुझी शोकसभा घेतली. फोटो कोणाकडेच नव्हता, म्हणून तू रंगवलेला जंगलाचा पडदा टांगून त्यातल्या एका सागाला हार घातला. आपल्या उपाध्यक्षांनी तुला 'कलेचे निस्सीम उपासक' म्हटलं. हाच पडदा त्यांनी दोन पावसाळे आपल्या गोठ्यात पेंढ्यावर झाकण म्हणून घातला होता. पडद्याला बुरशीचा वास येत होता आणि भाषणालाही. सगळे माना हलवत होते. शी! तू असतास तर मागच्या रांगेतून पिंक टाकली असतीस, आणि तुझा नेम चुकत नसे.

तेव्हा उपासना बाजूला ठेवू आणि चित्राचं बोलू.

आटगावला रेल्वेतल्या ख्रिस्ती मंडळींसाठी पत्र्याचं चर्च झालं. जागा आणि लाकूड दिलं वसईकडच्या लाकडाच्या कंत्राटदारानं. वेदीच्या मागची भिंत मोकळी होती. फादर स्पेनकडचा, बुटका, सायकलवरून फिरणारा, मराठी बोलायचा ती पुस्तकातली. त्याला आपले पडदे आवडले होते. त्यानं तुला एका जाड पुस्तकातलं पान दाखवलं. "दामू, हे चित्र फार पुरातन आहे. इटली देशातील एका वेदीवरचे. हे तू मोठे करून दे."

मध्ये सिंहासनावर मरियामाता, मांडीवर बाळ. डाव्या हाताला खांबाला बांधलेला उघडा तरुण, अंगभर बाण. उजव्या हाताला काठी घेतलेला वाटसरू, पायाशी कुत्रा. पान छापलेलं काळंपांढरं. तू विचारलंस, "बाईचं लुगडं कुठल्या रंगाचं?"

फादर म्हणाला, "निळे."

लढाई सुरू झाली होती, विलायती रंगांच्या ट्यूबा मुंबईतही मिळेनात. तू कपड्यांची नीळ आणलीस. काव, गेरू, दिव्याची काजळी अळशीच्या तेलात खललीस. सिंहासन आपल्या राजवाड्याच्या पडद्यातलंच उचललंस, त्यावर मी इतक्यांदा बसलोय की मला ते लगेच ओळखू आलं. मागच्या डोंगरांच्या जागी माहुलीचे सुळके आले. फादरला वाटलं, इटलीतले डोंगर हुबेहूब साधले. कुत्र्याच्या तोंडात मूळ चित्रात पाव होता, तू नाचणीची भाकरी दिलीस. वाटसरूच्या झग्याचं तुझ्या हातून धोतर झालं.

बघायला शेतावरची माणसं यायची. बाणवाल्यापाशी थबकून एकजण म्हणाला होता, "आपल्या म्हसाच्या जत्रेत पाठीला गळ टोचून घेतात तसाच दिसतो. पण ह्याचा नवस मोठा हाय रे!" तू हसलास, निळा.

मग वाटसरूच्या मांडीची पाळी आली. तो धोतराचा सोगा वर करून एका बोटानं आपली मांडी दाखवत होता, आणि तिथं छापील पानावर नुसता काळा डाग होता. तू फादरला विचारलंस, हे काय? त्यानं सांगितलं की हा संत रोक. प्लेगात आजाऱ्यांची सेवा करत गावोगाव फिरला, शेवटी त्यालाच गाठ आली. जंगलात जाऊन पडला. कुत्रा त्याला भाकरी आणून द्यायचा. "त्याने ती लपवली नाही, दामू. म्हणून चित्रकार त्याला नेहमी असाच काढतात."

"नेहमी?" तू विचारलंस.

"चारशे वर्षे."

तू कुंचला खाली ठेवलास आणि बाहेर जाऊन बसलास. फादरला वाटलं तुला उन्हाचा त्रास झाला. मला माहीत होतं कसला.

प्लेगाचे उंदीर पडले त्या साली सगळं शहापूर माळावर झोपड्यांत राहायला गेलं होतं. तुझी पारू, आमची पारूवहिनी, लंगडत होती. विचारलं की म्हणायची, काटा मोडलाय. सरकारी डॉक्टर प्रत्येक झोपडीत शिरून काखा आणि जांघा तपासत होता. तो आला तेव्हा तिची आई, शेणव्याची हौसामावशी, दारात आडवी उभी राहिली. "माझ्या लेकीला काय नाय झालं. नुसता ताप हाय. परक्या पुरुषानं काय बघायचं?" डॉक्टर पुढच्या झोपडीकडे गेला. वहिनीनं गाठ तुलाही दाखवली नाही, नवऱ्यालासुद्धा. शेवटची आंघोळ घालताना बायकांनी ती बघितली आणि बाहेर येऊन तुला सांगितलं. मग तू आत गेलास आणि लुगडं बाजूला सारून बघत बसलास. तुला बाहेर काढायला मला आत यावं लागलं. म्हणून ती मीही पाहिली आहे.

त्यानंतर मावशी दर सुगीला नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन शेणव्याहून चालत यायची. तू ते घ्यायचास, तिला तो भयंकर चहा द्यायचास. त्या दाराबद्दल दोघांनी कधी चकार शब्द काढला नाही.

आणि मग तू ती गाठ रंगवलीस. मी गूळशेंगदाणे खात शेजारी उभा होतो. मधोमध पिवळट, भोवती लाल, कडेला जांभळी, वर ताणलेल्या कातडीची चमक. त्या चमकेसाठी तू अंड्याचं पांढरं लावलंस, ते नासलं, त्यावर माश्या बसल्या, आणि माश्या खऱ्या की रंगवलेल्या हे मला कळेना. मी हातातले शेंगदाणे टाकून दिले.

"शी, दाम्या! हे काय देवापुढे ठेवायचं? देवाच्या चित्रात फुलं असावीत, मोर असावेत."

"वांती येते का?"

"येते!"

"मग उतरलंय बरोबर."

यावरून आपण किती भांडलो. माझं म्हणणं असं की माणूस देवळात जातो ते घरातली घाण विसरायला. तुझं म्हणणं, घाण घरातच राहते, माणूस तेवढा मरतो. मी म्हणायचो, तुझ्या हिशेबानं नाटकात खोटं रडणंही बंद करावं लागेल. तू म्हणायचास, नाटक्या, तुझी राणी मेली की उठून वडे खाते. वडे खायचो हे खरं आहे.

पण कंत्राटदाराला माझ्यापेक्षा जास्त किळस आली. आधी त्यानं डोळे झाकले, मग फादरला म्हणाला, "मरियामातेच्या शेजारी ही घाण? आमच्या बायकांनी पोरांना घेऊन हिच्यासमोर बसायचं? झाका, नाहीतर चित्र उतरवा."

फादर म्हणाला, "चारशे वर्षे लोकांनी ही गाठ पाहिली आहे."

"इटलीत पाहिली असेल. आटगावात नाही."

भिंत कंत्राटदाराची, छप्पर कंत्राटदाराचं. फादरनं पुस्तक मिटलं. आणि तू, ज्यानं माझ्यासारख्या मित्राशी महिनोन् महिने भांडण केलं, तो तू मान खाली घालून म्हणालास, "झाकतो."

आता ऐक. तुझ्या गाठीची मला किळस होतीच, पण त्या दिवशी मला तुझी किळस आली. कारण म्हसाच्या जत्रेत मी तुझ्या शेजारी बसलेलो आहे. तू बैलांची शिंगं रंगवायचास. एक व्यापारी खांदा सोललेला बैल घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "दामू, ह्यावर जरा काजळी मार. कळायचं नाय." तू सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलास, "शिंगं रंगवीन! खांदा नाय!" व्यापाऱ्याला बैल घेऊन पळता भुई थोडी झाली. तिथं घेणारा सौद्याला हात देण्याआधी काय करतो? पंचा पाण्यात बुडवून पिळतो आणि बैलाच्या अंगावरून फिरवतो, खांद्यावरून, मागच्या पायांच्या आतून. पंचा काळा झाला की तो वर धरून चारचौघांना दाखवतो. झाकलेल्या खोडीचा बोभाटा होतो, व्यापारी मान घालून निघून जातो.

असा तू. आणि एका कंत्राटदारानं डोळे वटारले तर संताची मांडी धुतल्या तांदळासारखी करून आलास. मी तुला म्हटलं, "बैलाचा खांदा सोडून माणसाची गाठ झाकायला लागलास का?" तू जीभही दाखवली नाहीस. म्हणालास, "चित्र भिंतीवर राहिलं ना? मग झालं." मी तुझ्या घरी यायचं बंद केलं. सरसाच्या वासातून सुटलो म्हणून आनंद मानला. तो आनंद काही टिकला नाही.

तुझा खोकला वाढल्यावर मी आलो, तेव्हा गाठीचा विषय आपण दोघांनी टाळला. पडद्यांचं बोललो, उपाध्यक्षांची नक्कल केली. तू हसलास आणि खोकलास, आणि जे बाहेर पडलं त्याचं वर्णन मी करणार नाही. निघताना तू विचारलंस, "आटगावचं चित्र कोण पुसत असंल का रे?"

मी म्हटलं, "तुझं चित्र पुसायला कोण रिकामा बसलाय?"

"पुसायला पाहिजे कुणीतरी," तू म्हणालास आणि कूस बदललीस. मला वाटलं, धुळीचं बोलतोयस.

तुझ्यामागे फादरचा निरोप आला. तू त्यांच्या धर्मातला नव्हतास तरी रविवारी तुझ्यासाठी प्रार्थना होणार होती. मावशीला आणायला मी शेणव्याला गेलो. तिला हल्ली अगदी कमी ऐकू येतं, आणि दुसऱ्यांनाही तसंच ऐकू येत असावं अशा समजुतीनं ती बोलते. वाटेत तिनं विचारलं, "काय काढलंय रे त्यानं तिथं?"

मी ओरडून सांगितलं, "एक संत हाय, मावशी! मांडीवरची प्लेगाची गाठ दाखवतो!"

बांधावरची माणसं काम थांबवून आमच्याकडे बघायला लागली. मावशीनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि ती माझ्या पुढे चालायला लागली. गाठ झाकल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. मेलेल्या मित्राची लाज मी कुठं वेशीवर टांगू?

चर्च भरलं होतं. दाराशी दगडी वाटीत पाणी असतं, मंत्रानं पवित्र केलेलं. आत जाताना लोक बोट बुडवून कपाळाला लावतात. मावशीनं ती वाटी नीट बघून ठेवली. पहिल्या बाकावर कंत्राटदार आणि त्याची बायको. फादरनं तुझं नाव घेतलं, दामोदर, पूर्ण, आदरानं, आणि सगळे गुडघ्यावर आले. शांतता अशी की पत्र्यावर चाललेला कावळा ऐकू येत होता. मावशी एकटी उभी, डोळे बारीक करून त्या वाटसरूकडे बघत. आधी त्याच्या बोटाकडे, मग बोटाखालच्या मांडीकडे. गुळगुळीत, तुकतुकीत, चकचकीत मांडी.

आणि ती बोलली.

काय बोलली ते थांब. पण ती बोलल्यावर पत्र्यावरचा कावळासुद्धा थांबला. मग मागच्या बाकावर रेल्वेतला एक गार्ड खोकल्यासारखं करून हसला. कंत्राटदाराच्या बायकोनं रुमाल तोंडात कोंबला, तिचे खांदे हलायला लागले. कंत्राटदारानं मान वर करून पहिल्यांदाच त्या संताकडे नीट बघितलं, मरियामातेच्या शेजारी हा माणूस काय करतोय ते बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले.

मावशीला यातलं काही ऐकू आलं नाही. ती दाराकडे गेली. पदराचं टोक त्या पवित्र पाण्यात बुडवलं, पिळलं, मधल्या वाटेनं चालत आली, वेदीच्या पायऱ्या चढली आणि संताच्या मांडीवरून पदर फिरवला. बैलाच्या मागच्या पायावरून फिरवतात तसा, खालून वर, दाबून.

कंत्राटदार उठला, "अहो बाई!" फादरनं हात वर केला. त्याच्या डोळ्यांसमोर त्याचं चित्र धुतलं जात होतं आणि तो कंत्राटदाराला थांबवत होता.

पदराला काव लागली. मावशीनं तो सगळ्यांसमोर वर धरला, म्हसाला धरतात तसा. आणि तिच्या मागं, भिंतीवर, ओली, चमकणारी, ती हळूहळू वर आली. आधी जांभळी कड, मग लाल, मग मधला तो पिवळा. बाकीचं चित्र अळशीच्या तेलातलं, ढिम्म हललं नाही. तेवढी मांडी तू चुना, काव आणि सरसात झाकली होतीस. पडद्याच्या रंगात! ओलं फडकं लागलं की उतरणाऱ्या! दाम्या, नालायका, मला सांगायचं होतंस. मी गुपित ठेवलं असतं. बरं, नसतं ठेवलं, आठवड्यात मुरबाडपर्यंत पोचवलं असतं, पण तुला एवढे महिने मी व्यापारी तरी समजलो नसतो.

मला ओकारी आली. तीच, जुनी, अस्सल. नाकात सरसाचा वास शिरला आणि मी त्या चर्चमध्ये, परक्या देवासमोर, तोंडावर हात धरून रडलो का ओकलो ते आता नक्की सांगता येणार नाही.

मावशी पायरीवर उभीच होती. तिनं एक बोट पुढे केलं, संताच्या बोटाशेजारी, गाठीला न लावता धरलं, आणि बराच वेळ तसंच ठेवलं. कोणी तिला खाली ये म्हटलं नाही. शेवटी फादर तिच्याजवळ गेला आणि कंत्राटदाराकडे न बघता म्हणाला, "आता ही अशीच राहील." कंत्राटदार खाली बसला. मावशीचं ते वाक्य ऐकल्यावर कोणत्या तोंडानं बोलणार?

परत येताना मावशी ओल्या पदराचं टोक मुठीत धरून चालत होती.

तेव्हा बातमी ही अशी. आपलं भांडण मिटलं असं समजू नकोस. ती गाठ किळसवाणीच आहे, मी दर रविवारी जाऊन खात्री करून घेतो, उपाशी पोटी. देवाच्या चित्रात मोर हवेत यावर मी ठाम आहे. पण तू झाकलेली मांडी त्या गाठीपेक्षा ओंगळ होती, हे मला दिसत होतं आणि का ते सांगता येत नव्हतं. ते मावशीनं सांगितलं. गुडघ्यावर बसलेल्या सगळ्या मंडळींच्या डोक्यावरून, थेट त्या संताला, शेणव्याच्या बांधावर उभी असल्यासारखी ती ओरडली:

"अरे बाबा, गाठ नाय का काय नाय, मग चारचौघांत धोतर वर करून कशाला उभा राहिलायस?"